मांडव्याच्या जमिनीतला मधला माणूस

गेटवेहून सुटलेली कॅटामरान तासाभरात मांडव्याच्या जेटीला लागते. भाऊच्या धक्क्यावर रो-रो बोटीत गाडी चढवली, तर साधारण तेवढ्याच वेळात माणूस गाडीसकट अलिबाग तालुक्यात उतरतो. ही रो-रो मार्च २०२० मध्ये सुरू झाली. काही दिवसांतच टाळेबंदी लागली आणि फ्लॅटमध्ये कोंडून पडलेल्या मुंबईकरांना अंगण, विहीर आणि नारळाची चार झाडं असलेल्या घराची ओढ लागली. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि बोटी बंद असतानाही रस्त्याने येणं सोपं झालं. १९९० च्या ‘अग्निपथ’मुळे मांडव्याचं नाव देशभर आधीच पोचलं होतं. आता तिथली जमीनही देशभरातल्या गिऱ्हाइकांच्या नजरेत आली. ढोकवडे, सासवणे, आवास, झिराड, किहीम, चोंढी, थळ असं करत अलिबागकडे निघालं की दोन्ही बाजूंना प्लॉटच्या आणि बंगल्यांच्या पाट्या लागतात. प्रत्येक पाटीखाली मोबाइल नंबर असतो आणि तो बहुतेक वेळा मालकाचा नसून एजंटचा असतो.

या एजंटचं नाव लोक काढतात ते फसल्यावर. व्यवहार सुरळीत पार पडला की खरेदीदार आपल्या नशिबाला श्रेय देतो, विकणारा जमिनीला. त्यामुळे हा माणूस दिवसभर नेमकं काय करतो, त्याला काय माहीत असावं लागतं, कायदा त्याला कुठे पकडतो आणि कुठे मोकळा सोडतो, याचा सरळ विचार कमी होतो. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. मांडव्याच्या किनाऱ्यावर जमिनीची सर्वांत जास्त माहिती ज्याच्याकडे असते, त्याच्यावरच कायद्याने सर्वांत कमी जबाबदारी टाकली आहे. ही स्थिती गावासाठीही वाईट आहे, गिऱ्हाइकासाठीही आणि प्रामाणिक एजंटसाठी तर सर्वांत वाईट.

या पट्ट्यात एजंट तीन प्रकारचे दिसतात. पहिला गावातला. तो आगरी, कोळी, भंडारी किंवा माळी घरातला असतो. कधी माजी सरपंच, कधी मिनीडोर चालवणारा, कधी एखाद्या बंगल्याचा केअरटेकर. दुसरा अलिबागचा, ज्याचं छोटं ऑफिस तहसील आणि वकिलांच्या वावरात असतं. तिसरा मुंबईचा, ज्याच्याकडे पैसेवाली पार्टी असते पण गावात ओळख नसते. व्यवहार बहुधा या तिघांच्या साखळीतून होतो. मुंबईचा अलिबागच्याला फोन करतो, अलिबागचा गावातल्याला, आणि गावातला एखाद्या म्हाताऱ्याच्या ओटीवर जाऊन बसतो.

कमिशन साधारण एक ते दोन टक्के, आणि ते अनेकदा दोन्ही बाजूंकडून घेतलं जातं. साखळीतल्या सगळ्यांत ते वाटलं जातं. यात गैर काही नाही. गैर सुरू होतं ते ‘वरच्या पैशां’पासून. शेतकऱ्याला गुंठ्याचा एक भाव सांगायचा, गिऱ्हाइकाला दुसरा, आणि मधला फरक खिशात घालायचा. विकणारा आणि घेणारा खरेदीखताच्या दिवसापर्यंत एकमेकांना भेटू नयेत याची काळजी घेतली जाते ती यासाठीच. एजंटने मेहनतीचे पैसे जरूर घ्यावेत, पण दोन्ही बाजूंना दिसतील असे घ्यावेत. आपल्या जमिनीचा खरा भाव म्हाताऱ्याला शेवटपर्यंत कळू नये, हा अन्याय आहे आणि त्याला धंद्याची रीत म्हणून खपवून घेता कामा नये.

बाहेरच्यांना वाटतं की एजंटचं काम शनिवार-रविवारचं. शुक्रवारी बोटीची वेळ विचारायची, शनिवारी सकाळी जेटीवर गाडी घेऊन उभं राहायचं, पार्टीला तीन-चार जागा दाखवायच्या, शहाळं पाजायचं आणि संध्याकाळच्या बोटीला सोडायचं. हे काम दिसतं. खरं काम सोमवार ते शुक्रवार चालतं आणि ते कागदाचं असतं. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, त्यांच्या सजावर जाऊन जुने फेरफार काढणं, भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज टाकणं, मोजणीच्या दिवशी शेजारच्या खातेदारांना बांधावर हजर करणं, वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च करून घेणं, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देणं, दुय्यम निबंधक कार्यालयात तारीख मिळवणं. पावसाळ्यात गेटवेच्या लहान बोटी बंद असतात, गिऱ्हाईक रोडावतं. जाणता एजंट हे महिने कागद जुळवण्यात घालवतो. दिवाळीनंतर गिऱ्हाईक येतं तेव्हा त्याची फाईल तयार असते.

हे कागद इतके गुंतागुंतीचे का, हे समजून घ्यायचं तर या तालुक्याचा इतिहास पाहावा लागतो. इथे खोती होती. कुळाने राबायचं आणि पिकाचा मोठा वाटा खोताच्या घरी जायचा. त्याविरुद्ध अलिबाग तालुक्यातल्याच चरी गावात १९३३ मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी संप पुकारला. तो १९३९ पर्यंत टिकला. इतकी वर्षं माणसांनी जमिनी ओसाड ठेवल्या, जंगलातली लाकडं विकून दिवस काढले, पण नांगर धरला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या लढ्याला पाठिंबा दिला. पुढे १९४८ चा कुळ कायदा आला आणि १ एप्रिल १९५७ या कृषिदिनाला कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं.

मांडव्याच्या आसपासचा लहान शेतकरी आज सातबाऱ्यावर मालक आहे तो या लढ्यामुळे. म्हणून इथली जमीन विकताना एजंटच्या हातात जो उतारा असतो, त्याच्यामागे कुणाच्या तरी आज्याची सहा वर्षांची उपासमार आहे. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात कुळ कायद्याच्या कलम ४३ चा शेरा दिसला, की ती जमीन कुळाला कायद्याने मिळालेली असून तिच्या विक्रीवर बंधन आहे असं समजायचं. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, खरेदीला दहा वर्षं उलटली असतील तर आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, चाळीस पट रक्कम भरून अशी जमीन विकता येते, आणि घेणारा शेतकरी असावा लागतो. भोगवटादार वर्ग दोनच्या इतर जमिनींचे नियम वेगळे. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला विकायची तर महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ प्रमाणे परवानगी लागते. कनकेश्वराच्या डोंगराकडेच्या वाड्यांवर कातकरी आणि ठाकर वस्ती आहे. तिथे ‘बघू, करून घेऊ’ म्हणणारा एजंट दिसला की गिऱ्हाइकाने तिथूनच परत फिरावं.

आता नावांकडे येऊ. इथला सातबारा वाचायला खरोखर शिकावं लागतं. एखाद्या गटावर पंधरा-वीस नावं असतात. कुठे ‘ए.कु.मॅ.’ असतं, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून एकाचं नाव लागलंय आणि बाकीच्या भावांची नावं मागे राहिली आहेत. कुठे ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञानाचा पालनकर्ता असतं, तेव्हा अज्ञान असलेला मुलगा आज आजोबा झालेला असतो, पण उताऱ्यावर अजून त्याच्या आईच्या पालनाखाली असतो. कुणी मयत होऊन वारसनोंद झालेली नसते. कुणी गिरणीत कामाला म्हणून लालबागला गेला आणि त्याची नातवंडं आता डोंबिवलीत आहेत. आवास, किहीम, नवगाव या गावांवरून आडनावं घेतलेली बेने इस्रायली कुटुंबं स्वातंत्र्यानंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेली. अशा कुटुंबाची जमीन मागे राहिली असेल, तर वारसांचा शोध समुद्रापलीकडे जातो आणि मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून करून आणावं लागतं. गावातल्या एजंटचं मोल इथे कळतं. कुठल्या घरातली मुलगी कुठे दिली, कोणता भाऊ कधी वेगळा निघाला, तोंडी वाटणीत कुणाच्या वाट्याला आंब्याची बाजू आली, हे त्याला माहीत असतं. कोणत्याही संगणकीय नोंदीत ते सापडत नाही.

आणि याच जागी त्याच्या सचोटीची खरी परीक्षा असते. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यातल्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हक्क मिळाला. ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही. म्हणजे पेणला, रोह्याला, ठाण्याला दिलेल्या बहिणींच्या सह्या आवश्यक. व्यवहार अडू नये म्हणून मग घाईघाईने हक्कसोडपत्र तयार होतं आणि बहिणीला बोलावणं जातं. ‘ताई, फक्त सही पायजे, कागदासाठी,’ असं म्हणून तिला निबंधक कार्यालयात बसवलं जातं. भाऊ बोलायला कचरतो, म्हणून हे वाक्य बऱ्याच वेळा एजंटला बोलावं लागतं. ती ज्यावर सही करते त्या जमिनीची किंमत किती, आणि सही केल्यावर आपला हक्क कायमचा जातो, हे तिला समजावून सांगणं कुणाचंच काम नसतं. एजंटने ते आपलं काम मानावं. ती खुशीने सोडत असेल तर सोडू दे, पण आकडा ऐकून सोडू दे. जी बहीण आज अंधारात सही करते, तिची मुलं दहा वर्षांनी दिवाणी न्यायालयात दावा लावतात आणि तोपर्यंत तिथे कुणाचा तरी बंगला उभा असतो. न्यायाची गोष्ट बाजूला ठेवून नुसता व्यवहार पाहिला, तरी बहिणीला सगळं सांगणंच शहाणपणाचं ठरतं.

ही झाली विकणाऱ्याची बाजू. घेणाऱ्याचा पहिला प्रश्न सोपा असतो: मी इथे घेऊ शकतो का? कुळ कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहसा घेता येत नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, किंवा ती जमीन आराखड्यात निवासी अथवा इतर बिगरशेती वापरासाठी दाखवलेली असावी लागते. नियम मोडून घेतली तर कलम ८४-क खाली व्यवहार अवैध ठरून जमीन सरकारजमा होऊ शकते. अलिबाग आणि मुरूड तालुक्यांत महसूल खात्याने अशा नोटिसा काढलेल्या आहेत. दुसरा प्रश्न क्षेत्राचा. गिऱ्हाइकाला पाच गुंठे हवे असतात आणि तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा शेतजमिनीचे प्रमाणभूत क्षेत्राच्या आतले तुकडे पाडू देत नाही. २०२३ मध्ये शासनाने हे क्षेत्र राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांसाठी जिरायतीला २० आणि बागायतीला १० गुंठे केलं. त्याआधीची मर्यादा त्याहून मोठी होती. म्हणून चार मित्रांच्या नावे एकत्र खरेदी करून आपापसांत कुंपण घालण्याची पळवाट रूढ झाली. कागदावर सगळे सामाईक मालक, जागेवर चार फाटकं. एकाला विकायचं झालं की बाकी तिघांच्या सह्या लागतात, आणि तोवर मैत्री टिकली नसेल तर व्यवहार तिथेच थांबतो.

समुद्राजवळच्या जागेला सागरी किनारा नियमन क्षेत्राचे, म्हणजे सीआरझेडचे, नियम लागतात. पहिली अधिसूचना फेब्रुवारी १९९१ ची, मग २०११ ची आणि शेवटची जानेवारी २०१९ ची. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नसे. २०१९ च्या अधिसूचनेने दाट लोकवस्तीच्या गावांसाठी हे अंतर ५० मीटरवर आणलं, पण ते गाव त्या वर्गात बसतं का आणि तिथला मंजूर किनारा आराखडा काय सांगतो, हे प्रत्येक गटापुरतं तपासावं लागतं. ८ मार्च २०१९ रोजी किहीमला हिरे व्यापारी नीरव मोदीचा बंगला सुरुंग लावून पाडला, ते दृश्य साऱ्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिलं. उच्च न्यायालयात जनहित याचिका चालू होती आणि किनाऱ्यावरच्या अनेक बांधकामांची नावं त्यात होती. धनिक, वास्तुविशारद, ग्रामपंचायत, महसूल खातं अशा सगळ्यांवर तेव्हा बोललं गेलं. त्या सगळ्या जागा कुणी तरी दाखवल्या होत्या, कुणी तरी ‘सी-टच आहे साहेब’ म्हणून भाव वाढवून विकल्या होत्या. त्या माणसाला कुणी काही विचारलं नाही, कारण विचारण्यासाठी कायद्यात जागाच नव्हती. रेवस-बोडणीच्या बाजूला, धरमतर खाडीकडे, खारफुटीचा प्रश्न आहे. तिवरं तोडायला उच्च न्यायालयाची मनाई आहे आणि खारफुटीभोवती ५० मीटरचा पट्टा मोकळा ठेवावा लागतो. भरावाच्या मुरमाखाली तिवरांची मुळं आहेत की नाही, हे गावातल्या माणसाला विचारावं लागत नाही. त्याने ते सांगायला हवं.

कागदाइतक्याच दोन गोष्टी मांडव्यात महत्त्वाच्या आहेत: वाट आणि पाणी. जमीन सुंदर आहे, पण तिथे जायला शेजाऱ्याच्या बांधावरून जावं लागतं. आजवर बैलगाडी जात होती, कुणी अडवलं नव्हतं. नव्या मालकाचा सिमेंटचा ट्रक आला आणि शेजाऱ्याने काठी आडवी लावली. महसूल संहितेचं कलम १४३ आणि १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याचं कलम ५ यांखाली तहसीलदारांकडे वाट मागता येते, पण त्यात वर्षं जातात आणि शेजार कायमचा बिघडतो. चांगला एजंट टोकन घेण्याआधी वाटेचा करार लिहून घेतो आणि तो खरेदीखतात आणतो. पाण्याचंही तसंच. डिसेंबरात विहिरीला गोड पाणी असतं. किनाऱ्याजवळ मे महिन्यात त्याच विहिरीला खारट चव येते, आणि शेजारीपाजारी बोअर वाढले की ती लवकर येते. जागा एकदा एप्रिल-मेमध्ये पाहावी आणि एकदा भर पावसात. पावसात कळतं की जे ‘लेव्हल प्लॉट’ म्हणून दाखवलं ते भाताचं खाचर होतं, आणि त्यात मुरूम टाकला की वरच्या तीन शेतकऱ्यांचं पाणी तुंबणार आहे. पोयनाड-शहापूरकडच्या खारेपाटात तर खारबंदिस्तीची अवस्था पाहिल्याशिवाय शेताची किंमत ठरवणंच चूक. बंधारा फुटला की उधाणाचं पाणी भातात शिरतं आणि काही वर्षं तिथे पीक उभं राहत नाही.

मग कायदा एजंटला कुठे पकडतो? २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, म्हणजे रेराने, देशपातळीवर पहिल्यांदा एजंट हा नोंदणी आवश्यक असलेला व्यावसायिक ठरवला. महाराष्ट्रात मे २०१७ पासून महारेरा या प्राधिकरणाचं काम सुरू झालं. व्यक्तीला १०,००० रुपये आणि संस्थेला एक लाख रुपये शुल्क, नोंदणी पाच वर्षांची. २०२३ मध्ये महारेराने एजंटसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा सुरू केली आणि जानेवारी २०२४ पासून सक्षमता प्रमाणपत्र सक्तीचं केलं. राज्याच्या अनुभवात ही मोठी सुधारणा आहे. नोंदणी न करता काम केलं तर दिवसाला १०,००० रुपये दंड, मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत. नोंदणी नसलेला प्रकल्प विकायचा नाही, हिशेबाची पुस्तकं ठेवायची, खोट्या जाहिराती करायच्या नाहीत, गिऱ्हाइकाला सगळी कागदपत्रं मिळवून द्यायची, अशी कर्तव्यंही कायद्यात लिहिली आहेत.

पण हे सगळं प्रकल्पापुरतं. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर किंवा आठपेक्षा जास्त सदनिका असलेल्या प्रकल्पाला रेराची नोंदणी लागते आणि त्या प्रकल्पातली विक्री करणाऱ्या एजंटलाही. मांडव्यात प्लॉट पाडून विकणाऱ्या मोठ्या कंपन्या आल्या आहेत. त्यांचे एजंट या चौकटीत येतात आणि ते चांगलंच आहे. म्हाताऱ्याच्या ओटीवर बसून एक गट, एक वाडी, एक जुनं कौलारू घर विकून देणारा गावातला माणूस मात्र या चौकटीबाहेर राहतो. ज्या व्यवहारात सातबारा, कूळ, बहीण, वाट, खारफुटी असे सगळे धोके एकत्र येतात, नेमका तोच व्यवहार कोणत्याही परीक्षेशिवाय, नोंदणीशिवाय आणि पावतीशिवाय होतो. गावठाणातलं घर असेल तर आणखी अवघड, कारण तिथे सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे घरपट्टीचा उतारा, तो मालकीचा पुरावा नाही, पण विकताना तोच पुढे केला जातो. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजून मिळकत पत्रिका देण्याचं काम चालू आहे. ते पूर्ण झालं की या घरांचे वाद बरेच कमी होतील.

अमेरिकेत राज्याचा परवाना असल्याशिवाय घर विकून देण्याचं कमिशन घेता येत नाही, आणि हा परवाना जुनं घर आणि नवं घर असा भेद करत नाही. तिथेही कमिशनवरून मोठा वाद झाला. खरेदीदाराच्या एजंटचे पैसे विकणाऱ्याच्या खिशातून आपोआप जाण्याच्या प्रथेविरुद्ध खटले झाले, त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने ४१.८ कोटी डॉलर देऊन तडजोड केली आणि ऑगस्ट २०२४ पासून घर दाखवण्याआधी खरेदीदाराशी लेखी करार करणं बंधनकारक झालं. आपण त्यांचं सगळं घ्यायचं कारण नाही. पण तू कुणाचा माणूस आहेस आणि तुला कोण किती देणार आहे, हे जागा दाखवण्याआधी कागदावर आलं पाहिजे, एवढं नक्की घ्यावं. दोन्ही बाजूंकडून कमिशन घेणारा दोन्ही बाजूंना दोन्हीचं सांगत असेल, तरच तो व्यवहार स्वच्छ.

विक्री झाली की मुंबईचा एजंट निघून जातो. गावातला राहतो, आणि त्याचं खरं नातं इथून सुरू होतं. बंगला आठवड्यातले पाच दिवस बंद असतो. माळी, पाणी, वीज, कुंपण, पावसाआधी कौलं आणि पत्रे, स्विमिंग पूलची साफसफाई, घर भाड्याने दिलं तर पाहुणे, हे सगळं त्याच्याकडे येतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा मालक मुंबईत टाळेबंदीत अडकले होते. झाडं पडली, पत्रे उडाले, दिवसचे दिवस वीज नव्हती. बंद बंगल्यांच्या चाव्या ज्यांच्याकडे होत्या त्या माणसांनी स्वतःची मोडलेली घरं सावरत त्या बंगल्यांवर ताडपत्र्या टाकल्या. मालकाने या माणसाला महिन्याला किती द्यायचं याचा करार क्वचितच असतो. तो असायला हवा.

विकणाऱ्या घराचं पुढे काय होतं, हाही एजंटच्या कामाचा भाग मानावा असं मला वाटतं. एकरकमी पैसा येतो. त्यात घर होतं, लग्न होतं, गाडी येते, आणि काही वर्षांत पैसा संपतो. पिकवायला जमीन नसते. मुलगा मग दुसऱ्यांच्या जमिनी दाखवायला लागतो. गावातल्या तरुण एजंटांमध्ये असे अनेक आहेत, आणि त्यांच्या बोलण्यात एक बोच असते: ‘आमचा गट होता ना, तो त्या भिंतीच्या आत हाय आता.’ अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालं, भावही बरा मिळतो. हा कांदा भाताच्या मागे त्याच शेतात होतो आणि त्याला लागणारी जमीन प्लॉटच्या पाट्यांखाली जाते आहे. गावातल्या एजंटने विकणाऱ्याला एक प्रश्न तरी विचारावा: सगळं विकता का, की बागायतीचा तुकडा, विहिरीचा हिस्सा आणि समुद्रावर जायची पाखाडी ठेवून बाकीचं देता? काही घरांना विकण्यापेक्षा लांब मुदतीचा भाडेपट्टा हिताचा ठरू शकतो. कमिशन कमी होईल, पण पुढच्या पिढीच्या नावावर उतारा राहील.

मागणी कमी होणार नाही. रेवस-कारंजा पुलाचा विषय मुख्यमंत्री अंतुल्यांच्या काळापासून चालत आला आणि आता तो पूल रेवस-रेडी सागरी महामार्गाचा भाग म्हणून हाती घेतला आहे. नवी मुंबईचा विमानतळ २०२५ मध्ये सुरू झाला. पूल झाला की मांडवा उरणला जोडला जाईल आणि बोटीची वाट न पाहता गिऱ्हाईक रोज येईल. त्याआधी या धंद्याला शिस्त लावण्याची मुदत फार थोडी उरली आहे. महारेराची एजंट नोंदणी पुनर्विक्रीला आणि सुट्या जमिनीच्या व्यवहाराला लागू करावी. गावातल्या मुलांसाठी परीक्षा तालुक्याच्या ठिकाणी, मराठीत आणि परवडणाऱ्या शुल्कात घ्यावी. तिच्यात फेरफार वाचणं, कलम ४३ आणि ६३, वारसांचे हक्क, सीआरझेड आणि वाटेचे हक्क यांना भरपूर गुण असावेत. नोंदणी क्रमांक खरेदीखतात लिहायची सक्ती झाली, तर साखळीत कोण कोण होतं हे पुढे शोधावं लागणार नाही.

एक गोष्ट मात्र सरकारची वाट न पाहता उद्यापासून करता येईल. खरेदीखत नोंदलं की कमिशन द्यायचं, ही आजची रीत. खरं तर दस्त नोंदल्यावर फेरफाराची नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, आणि मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. राहून गेलेली बहीण, न विचारलेला चुलत भाऊ किंवा वाट अडवणारा शेजारी याच पंधरा दिवसांत पुढे येतो. म्हणून निम्मं कमिशन दस्ताच्या दिवशी आणि निम्मं फेरफार मंजूर झाल्यावर द्यावं, आणि तसं टोकन घेतानाच लिहून ठेवावं. ज्याने आधी सगळ्यांना विचारून फाईल तयार केली आहे, त्या एजंटला यात काही गमवावं लागत नाही. ज्याने विचारलं नाही, तो पुढच्या वेळी विचारील.